अनुभवी घोडेस्वार, वीस वर्षं

३ नोव्हेंबर

दुपारी ट्रकमधून चार घोडे आले, आणि ड्रायव्हरशेजारी बसून माझा मेहुणा.

दोरखंडाचा कारखाना बंद पडून पाच महिने झाले. कारखान्याची खोलीही गेली. सध्या आम्ही दोघं जुन्या दीपगृहाच्या पायथ्याशी पहारेकऱ्याच्या दोन खोल्यांत राहतो. ही जागा पर्यटन खात्याची आहे आणि मेहुण्यानं ती भाड्यानं घेतली आहे, कारण त्याला नवी कल्पना सुचली आहे: 'घोड्यावरून किनारा'. समुद्राच्या कडेनं वळणावळणांचा रस्ता जातो. रस्त्यालगत घोड्यांसाठी मातीची वाट. सकाळी पाहुण्यांनी घोड्यावरून निघायचं, खात्यानं लावलेले 'निसर्गरम्य स्थळ' असे अकरा फलक बघायचे, सातव्या फलकापाशी तंबूत मुक्काम. तंबू आणि दोर माझ्याकडे, स्वयंपाक हिच्याकडे, कल्पना मेहुण्याकडे.

(ही म्हणजे बायको. बायकोचं नाव लिहायला हात धजत नाही. चोवीस वर्षं लिहितोय, चोवीस वर्षं 'ही'.)

हिनं भावाला विचारलं, "छत्र्यांचं काय झालं?"

"ताई, छत्र्यांचा काळ गेला."

"आणि अळंबीचा?"

"तो यायचाय अजून. घोड्यांचं मात्र नक्की!"

घोडे शेजारच्या गावच्या किनाऱ्यावरच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याचे. चौदा वर्षं तो लोकांना घोड्यावर बसवून फोटो काढायचा. आता डोळे गेले म्हणून धंदा सोडला. मेहुणा सांगत होता, "काय गुणी जनावरं आहेत, दाजी! म्हाताऱ्यानं शेवटचा फोटो काढला, कॅमेऱ्याची पेटी खटकन मिटली, आणि चारही घोडे आपणहून ट्रकमध्ये चढले."

एक घोडी तांबडी, एक घोडा काळा, एक कबरा आणि चौथा पांढरा. त्याच्या तोंडावर इतकी समजूत आहे की त्याला आम्ही आजोबाच म्हणायला लागलो.

संध्याकाळी मेहुण्यानं परवानगीच्या अर्जावर माझी सही घेतली. अक्षर चांगलं आलं.

४ नोव्हेंबर

अर्जाची प्रत आज वाचली. 'मार्गदर्शक' या रकान्यात माझं नाव आहे आणि पुढे लिहिलं आहे: 'अनुभवी घोडेस्वार, वीस वर्षं.'

मी आयुष्यात घोड्यावर बसलेलो नाही. लहानपणी बैलगाडीतून पडलो होतो, तेवढाच जनावरांचा अनुभव.

"दाजी, अर्जात सगळेच असं लिहितात," मेहुणा म्हणाला. "वीस हा आकडा चांगला दिसतो. पंधरा लिहिले असते तर नवशिके वाटला असता."

निरीक्षक पंचवीस तारखेला येणार. मार्गदर्शकानं पुढच्या घोड्यावर बसून पाच वाजायच्या आत सातव्या फलकाला पोचायचं, अशी अट आहे. परवानगी नाकारली तर जागा खात्याला परत. मग आम्ही मेहुण्याच्या घरी, न खपलेल्या छत्र्यांच्या खोलीत, आणि त्याची बायको रोज सकाळी विचारणार, "काय, उठलात का?" तो प्रश्न ती ज्या स्वरात विचारते तो मी एकदा ऐकला आहे.

ही म्हणाली, "वाचून सही करायला काय झालं होतं?"

"तुझ्या भावानं पेन उघडून हातात दिलं."

"उद्या विहीर उघडून दिली तर?"

गावच्या शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, रोज चार ओळी लिही, पण खऱ्या लिही. त्या शब्दाला जागून एवढ्या वह्या भरल्या. आणि पन्नाशीच्या तोंडावर खोट्याखाली सही करून बसलो. देवापुढे बराच वेळ बसलो. देव काही बोलला नाही. त्यानंही बहुधा अर्ज वाचला असावा.

६ नोव्हेंबर

ठरवलं: वीस वर्षं आता मिळणार नाहीत, पण 'घोडेस्वार' एवढा शब्द तरी खरा करायचा.

तांबडी सर्वांत गरीब, म्हणून तिच्यापासून सुरुवात. स्टूल ठेवलं, स्टुलावर चढलो, पाय उचलला. ती एक पाऊल पुढे सरकली. खाली उतरून स्टूल सरकवलं. परत चढलो. ती परत एक पाऊल सरकली. असं करत करत आम्ही अंगणाच्या या टोकाहून त्या टोकाला गेलो. अकराव्या खेपेला ती हलली नाही. मी इतक्या जोरानं उडी घेतली की पलीकडच्या बाजूला उतरलो.

ही स्वयंपाकघराच्या खिडकीत बटाटे सोलत होती. तिचा हात थांबला होता. मी उठलो तेव्हा म्हणाली, "अहो, रिकिबीत पाय आधी डावा घालतात ना?"

"तुला काय माहीत?"

"नाही, आपलं सहज. तुम्ही उजवा घातला म्हणून तोंड शेपटीकडे होणार होतं तुमचं."

हिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच.

९ नोव्हेंबर

आज पहिले पाहुणे. परवानगी नाही म्हणून 'ओळखीचे' म्हणून बोलावलेले: एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांचे यजमान आणि एक दंतवैद्य. तिघं तीन घोड्यांवर. तांबडीचा पाय जरा दुखतोय असं सांगून मी तिला धरून पायी निघालो. (तिचा पाय दुखत नव्हता. माझा दुखत होता. 'तिचा' हे खोटं झालं. इथे नोंदवून ठेवतो.)

आठला निघालो. पहिल्या वळणावर समुद्र एकदम उघडा झाला. खरंच, देवानं इथे हात राखून काही केलेलं नाही. दंतवैद्यांनी फोन वर करून फोटो घेतला.

चारही घोडे थांबले.

नुसते थांबले नाहीत. माना ताठ, कान उभे, छाती पुढे. आजोबांनी तर तोंड तीन बोटं डावीकडे, उजेडाच्या बाजूला वळवलं. आणि मग हलेनात. चुचकारलं, ओढलं, चंदीची पिशवी दाखवली. दगडी पुतळे बरे.

"हे असे का उभे आहेत?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"विश्रांती घेतायत, बाई."

"चार पावलं चालून? माझ्या वर्गात असता तर बाहेर उभं केलं असतं."

त्यांचे यजमान म्हणाले, "बाहेरच उभा आहे की तो." यजमानांना दिवसभर परत बोलू दिलं गेलं नाही.

पाऊण तासानं मी डोंगराकडे तोंड करून मनापासून प्रार्थना केली. त्याच वेळी दंतवैद्यांनी कंटाळून चष्मा काढला, पुसला, आणि चष्म्याची पेटी खटकन मिटली. घोडे चालायला लागले! मला भरून आलं. पण पुढच्या वळणावर मुख्याध्यापिकांना राहवलं नाही, त्यांनी फोन काढला, आणि पुन्हा तेच. बारा वाजता आम्ही दुसऱ्या फलकापाशी होतो. मेहुणा स्कूटरवरून आला आणि ओरडला, "दाजी, घोडं अडलं कुठं?"

"घोडं नव्हे, घोडे," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चारही. अनेकवचन."

पाहुण्यांना स्कूटरवरून एकेक करून परत नेलं.

संध्याकाळी मी हिला दैनंदिनीतला हा भाग वाचून दाखवला. ही तवा घासत होती. घासायची थांबली.

"ते परत वाचा."

"प्रार्थनेचं?"

"त्याच्या पुढचं वाक्य."

वाचलं. ही "हं" म्हणाली आणि तवा परत घासायला लागली. प्रार्थनेचा परिणाम हिच्याही मनावर झालेला दिसतो.

१२ नोव्हेंबर

एक काळजी. दोन-तीन दिवस पाहतोय, सकाळी मी तबेल्यात जातो तेव्हा तांबडी घामाघूम असते. खोगीरही मी लावतो त्या खुंटीवर नसतं, शेजारच्या खुंटीवर असतं. जनावरालाही निरीक्षकाची धास्ती लागली असावी. झोपेत धावत असेल. तिच्यासाठी आजपासून वेगळी प्रार्थना सुरू केली.

हिचीही तब्येत बरी नाही. कंबर धरली म्हणून पहाटे समुद्रावर फिरायला जाते, आणि फिरून आली की कंबर जास्त दुखते. म्हटलं, "मग फिरतेस कशाला?"

म्हणाली, "सवय होईपर्यंत दुखतं. मग नाही दुखत."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मला कळतंय ना." आणि हसली. या वयात बायका उगाच हसायला लागतात, असं कारखान्यातला फोरमन म्हणायचा.

१५ नोव्हेंबर

पुन्हा 'ओळखीचे' पाहुणे, तीन बहिणी. मेहुण्यानं 'फोन बंद' अशी पाटी करून आणली होती. थोरलीनं विचारलं, "मग एवढा समुद्र बघून करायचं काय?" पाटी परत गेली.

आज ही जेवणाची पिशवी घेऊन आमच्यामागून चालत आली. बहिणींनी पहिल्या वळणावर फोटो घेतला, घोडे थांबले, मी मनात देवाचं नाव घेतलं, आणि घोडे चालले! दुसऱ्या वळणावर तसंच. तिसऱ्या फलकापर्यंत मी सतरा वेळा नाव घेतलं आणि सतराही वेळा घोडे चालले. मी गर्व करत नाही, पण नोंद करतो.

एकच गोष्ट खटकत होती. हिनं कुठून तरी पेपरमिंटची पत्र्याची डबी आणली आहे. कुणाला पेपरमिंट देत नाही, स्वतः खात नाही. नुसती उघडते आणि मिटते. खट्. माझ्या नामस्मरणात व्यत्यय येतो. चौथ्या फलकापाशी (तिथून काहीच दिसत नाही, झाडं वाढली आहेत, तरीही बहिणींनी फोटो घेतला) मी म्हटलं, "अगं, ती डबी ठेव ना जरा."

"ठेवते की," ही म्हणाली आणि डबी पिशवीत टाकून दगडावर बसली.

मी नाव घेतलं. घोडे हलले नाहीत. पुन्हा घेतलं. मोठ्यानं घेतलं. थोरली बहीण म्हणाली, "काका, यांची बॅटरी संपली का?" पंचवीस मिनिटं गेली. श्रद्धेला तडा गेला की असं होतं. मघाशी सतरा मोजले तेव्हा मनात थोडा गर्व आला होता, हे देवाला दिसलं. मी कबूल केलं आणि रडवेला होऊन हिच्याकडे बघितलं. हिनं सुस्कारा टाकला, पिशवीतून डबी काढली, खट् केली. त्याच क्षणी मला क्षमा मिळाली. घोडे चालले.

दुपारी तीनला सातवा फलक! माझे तंबू उभे होते, एकही ताण ढिला नव्हता. मेहुण्यानं मला मिठी मारली. ही म्हणाली, "दमला असाल, बसा."

१८ नोव्हेंबर

आज घोड्यावर बसलो. तांबडी हलली नाही, मी हललो नाही. घड्याळ लावून नऊ मिनिटं. उंचावरून अंगण वेगळंच दिसतं. आपलंच घर परक्याचं वाटतं आणि धुणं वाळत घातलेलं फार जवळ येतं.

उतरता आलं नाही. ही आली, माझा डावा पाय सोडवला, कंबरेला धरलं आणि खाली घेतलं, माळ्यावरून पिंप उतरवावं तसं. म्हटलं, "तुला भीती नाही वाटत घोडीची?"

"मला कशाची भीती वाटते ते तुम्हाला माहीत आहे. वहिनीची."

आम्हा दोघांनाही छत्र्यांची खोली आठवली. तांबडीनं माझी बाही चघळली.

२१ नोव्हेंबर

चार दिवस उरले. घोडामैदान जवळच आहे.

मनात दोन बाजू. एक म्हणते, गप्प राहा, नऊ मिनिटांची नव्वद होतील, घर राहील. दुसरी म्हणते, खोट्यावर उभारलेल्या तंबूची खुंटी वाळूत असते. आणि मी दोरखंडात बावीस वर्षं काढली आहेत. दोर तुटतो तो दिसणाऱ्या पेडात नव्हे, आतल्या पेडात.

हिला सांगितलं, "मी निरीक्षकाला खरं सांगणार आहे. घर गेलं तर माझ्यामुळे जाईल."

वाटलं होतं चिडेल. कणीक मळत होती. म्हणाली, "मला वाटलंच होतं. चोवीस वर्षांत तुम्हाला एक खोटं धड पेललेलं नाही. पाहुण्यांना सांगितलंत तांबडीचा पाय दुखतोय, आणि लंगडत तुम्ही होता."

"मग सांगू?"

"सांगा. पण खोगिरावर बसून सांगा. उभे राहिलात तर तुमचे गुडघे कापतात, ते बरं दिसत नाही."

"आणि मग?"

"मगचं मग बघू." आणि कणकेवर मूठ मारली.

२५ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहायला पानं पुरणार नाहीत, तरी लिहितो.

निरीक्षक दहाला आले. गोल, सभ्य, घाम पुसणारे गृहस्थ. बगलेत फाइल, गळ्यात खात्याचा कॅमेरा. प्रत्येक फलकापाशी पुराव्याचा फोटो घ्यायचा, असा नियम. त्यांना आजोबांवर बसवलं. काळ्यावर मेहुणा, कबऱ्यावर सामान. मी तांबडीवर. ती पहिल्या फलकापर्यंत स्वतःहून चालली, मी फक्त वर होतो.

निरीक्षकांनी फोटो घेतला. घोडे थांबले. त्यांनी फाइल उघडली. "अनुभवी घोडेस्वार, वीस वर्षं. म्हणजे आपण?"

"साहेब, ते खोटं आहे."

मेहुण्याला खोकला आला.

"खोटं म्हणजे? वीस नाहीत? मग किती?"

"साहेब, आजचं धरून," मी घड्याळ बघितलं, "एकोणतीस मिनिटं."

निरीक्षकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग फाइलकडे, मग मेहुण्याकडे. मेहुणा समुद्राकडे बघत होता.

"अहो, पण मग पुढे कोण चालणार? मला पाचच्या आत सातवा फलक दाखवायचाय. नाहीतर अर्ज नामंजूर करण्यावाचून इलाज नाही. मला वाईट वाटेल, पण नामंजूर."

मी म्हटलं, "करा, साहेब." तोंडातून शब्द गेला आणि छातीवरची धोंड उतरली. त्या जागी लगेच छत्र्यांची खोली येऊन बसली.

मागून ही आली. पिशवी खाली ठेवली, पदर खोचला. मला म्हणाली, "उतरा."

"मला उतरता येत नाही."

"माहीत आहे."

उतरवलं. मग हिनं रिकिबीत डावा पाय घातला आणि वर गेली. फळीवरचा डबा काढायला पाटावर चढावी तशी. लगाम दोन बोटांत. तांबडीचे कान लगेच ताठ झाले. माझ्यासाठी ते कधी झाले नव्हते. मी आ वासून उभा. मेहुणा म्हणाला, "ताई?" ही म्हणाली, "तू गप्प बस. तुझ्याशी नंतर बोलायचंय."

खट्, डबी मिटली. निघाले.

मी मागून धावत होतो आणि नाव घेत होतो. दर फलकाला फोटो, दर फलकाला घोडे थांबायचे, आणि दर फलकाला पुन्हा चालायचे. पाचव्या फलकानंतर निरीक्षकांना राहवलं नाही. "बाई, घोडे थांबतात ते कळलं. पण चालतात कशानं?"

ही वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "यांच्या प्रार्थनेनं."

निरीक्षकांनी एकदा डबीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि का कोण जाणे, टोपी काढून मला नमस्कार केला.

पावणेचारला सातवा फलक. तंबूत चहा. निरीक्षकांनी अटींचं पान उघडून मेहुण्यापुढे धरलं. "अनुभवाची वर्षं कुठेच विचारलेली नाहीत. पुढचा माणूस घोडा सांभाळू शकतो की नाही, एवढंच बघायचं असतं. तो रकाना कोरा चालला असता."

मेहुणा म्हणाला, "म्हणजे मी उगाचच?"

ही म्हणाली, "तू उगाचच. जन्मल्यापासून."

'मार्गदर्शक' यापुढचं माझं नाव खोडून त्यांनी हिचं लिहिलं. माझ्यापुढे लिहिलं: 'तंबू, दोर व इतर'. मग शिक्का मारला. घर राहिलं.

२६ नोव्हेंबर

सकाळी हिला विचारलं, "पहिल्यांदाच घोड्यावर बसलीस आणि इतकं येतं? कुठे शिकलीस?"

"तुमच्याकडे बघून," ही म्हणाली. "तुम्ही जे जे करत होता, ते ते टाळलं."

चोवीस वर्षांत हिनं माझं इतकं सरळ कौतुक केलेलं मला आठवत नाही. मला संकोच वाटला, तरी म्हटलं, "मग मला शिकव."

ही बाहेर आली. मी डावा पाय घातला. तांबडीवर बसलो. हिनं दोर हातात घेतला आणि उभी राहिली. मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. खालून काहीतरी झुलत होतं, पण ते माझं काळीज असावं असं वाटलं.

बऱ्याच वेळानं हिचा आवाज आला. "अहो, आता डोळे उघडा. देव कुठे जात नाही, पण रस्ता चाललाय."

उघडले. पहिला फलक केव्हाच मागे पडला होता.